भाडेपट्टा किती वर्षांचा?

लंडनच्या पूर्वेला थेम्स नदी एक मोठे वळण घेते. त्या वळणाच्या पोटात आइल ऑफ डॉग्ज हा जुना गोद्यांचा परिसर आहे. इथली मिलवॉल गोदी 1868 मध्ये सुरू झाली. गोदीत सतत गाळ साचे आणि तो उपसून जवळच्या मोकळ्या जागेवर टाकला जाई. अशा गाळाच्या थरांवर मडशूट नावाचा उंचवटा तयार झाला. दुसऱ्या महायुद्धात तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या गेल्या आणि युद्धानंतर ती जागा गवताच्या आणि झुडपांच्या स्वाधीन झाली. 1974 मध्ये ग्रेटर लंडन कौन्सिलने तिथे उंच इमारतींची वसाहत बांधायचे ठरवले. परिसरातल्या लोकांनी त्याला जोरदार विरोध केला आणि तो यशस्वी झाला. 1977 मध्ये स्थानिकांची मडशूट असोसिएशन उभी राहिली. मेंढ्या, शेळ्या, कोंबड्या, घोडे आले, झाडे लागली, भाजीचे वाफे तयार झाले. त्यानंतरच्या वर्षांत भोवतालचे सगळेच बदलले. 1980 मध्ये तिथल्या गोद्या बंद पडल्या. 1986 मध्ये खुद्द ग्रेटर लंडन कौन्सिल बरखास्त झाले. 1991 मध्ये शेजारी कॅनरी वॉर्फचा पहिला मोठा टॉवर पूर्ण झाला आणि हा सगळा पट्टा जगातल्या मोठ्या बँकांच्या कचेऱ्यांचा झाला. 32 एकरांची ती शेती मात्र जागच्या जागी आहे, आणि आज ती युरोपातल्या शहरी शेतींमध्ये मोठी गणली जाते.

ही हकीकत सांगायचे कारण असे की तिच्यात एक आर्थिक प्रश्न दडलेला आहे आणि तो फक्त लंडनचा नाही. सार्वजनिक मालकीची जमीन लोकांच्या समूहाला शेतीसाठी द्यावी का, आणि दिली तर तिचे मोल कसे मोजावे? 1974 मध्ये त्या गाळाच्या ढिगाचे मूल्यमापन करणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर फक्त त्या वर्षीचा भाव असणार. गोद्यांना उतरती कळा लागली होती आणि पूर्व लंडन गरीब होते. शेजारी वित्तीय राजधानी उभी राहील असे कुणाच्या स्वप्नातही नव्हते. म्हणजे जागा तेव्हा विकली असती तर विकणाऱ्याला पडक्या गोदीच्या भावानेच पैसे मिळाले असते. विक्रीची किंमत एका दिवसाची असते. शेतीतून मिळणारे मूल्य वर्षागणिक साठत जाते. माझे म्हणणे एवढेच आहे की कौन्सिलच्या जमिनीवरच्या सामूहिक शेतीचे खरे मोल तिला मिळालेल्या मुदतीत असते. एवढी लांब मुदत देणे खासगी मालकाला परवडत नाही, ते सार्वजनिक मालकालाच शक्य आहे.

आधी ही शेती म्हणजे नेमके काय ते पाहू. ब्रिटनमधले कौन्सिल म्हणजे आपल्या महापालिकेसारखी स्थानिक स्वराज्य संस्था. तिच्याकडे उद्याने, शाळा, घरे यांच्याबरोबर पुष्कळशी मोकळी जमीनही असते. तिथे अलॉटमेंटची जुनी प्रथा आहे. 1908 च्या कायद्याने लोकांची मागणी असेल तिथे कौन्सिलने लहान लहान वाफे भाड्याने द्यावेत असे बंधन घातले. एका पूर्ण वाफ्याचे प्रचलित माप साधारण 250 चौरस मीटर, म्हणजे आपले अडीच गुंठे. दुसऱ्या महायुद्धात अन्नटंचाईच्या काळात असे सुमारे 14 लाख वाफे पिकत होते. आता साधारण सव्वातीन लाख उरले आहेत आणि त्यांच्या प्रतीक्षायादीत दीड लाखाहून अधिक नावे आहेत. पण अलॉटमेंट म्हणजे एका कुटुंबाचा वाफा. सामूहिक शेतीत जमीन एका संस्थेकडे किंवा सहकारी मंडळाकडे भाडेपट्ट्याने असते. काम वाटून केले जाते, फाटक सगळ्यांसाठी उघडे असते आणि पिकाबरोबर शिकवणे, आजाऱ्यांना आधार देणे, शाळांच्या मुलांना बोलावणे हे सगळे तिथे चालते. लंडनच्या केंटिश टाउनमध्ये 1972 साली सुरू झालेली सिटी फार्म ही या चळवळीची पहिली खूण मानली जाते. त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत वॉक्सहॉल, स्पिटलफिल्ड्स, हॅकनी अशा दाट वस्त्यांमध्ये, रेल्वेच्या आणि कारखान्यांच्या पडीक जागांवर अशा शेती उभ्या राहिल्या.

आता कायदा काय म्हणतो ते पाहण्यासारखे आहे. इंग्लंडच्या 1972 च्या स्थानिक शासन कायद्याचे कलम 123 सांगते की कौन्सिलने आपली जमीन वाजवीपणे मिळू शकणाऱ्या सर्वोत्तम मोबदल्यापेक्षा कमी किमतीला देऊ नये. नियम योग्यच आहे. तो नसता तर सत्ताधाऱ्यांनी सोयऱ्याधायऱ्यांना जमिनी वाटल्या असत्या. पण याच कलमात सात वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला सूट आहे. शिवाय 2003 च्या एका सर्वसाधारण परवानगीनुसार परिसराचे आर्थिक, सामाजिक किंवा पर्यावरणीय हित साधत असेल, तर 20 लाख पौंडांपर्यंत कमी मोबदल्यात जमीन देता येते. म्हणजे पैशात न मोजले जाणारे मूल्यही असते हे कायद्यानेच मान्य केले आहे. अडचण व्यवहारात येते. सामाजिक हित सिद्ध करायचे तर अहवाल हवेत, मूल्यांकन हवे, सभागृहात चर्चा हवी. सात वर्षांच्या आतला पट्टा त्या मानाने सहज देता येतो. त्यामुळे जमीन द्यायची इच्छा असलेली कौन्सिलेही पुष्कळदा छोट्या मुदतीकडे वळतात, आणि छोटी मुदत शेतीला आतून पोखरते.

महाराष्ट्राला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. 1948 च्या कूळकायद्यामागे आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनामागे न्यायाची भूमिका होती तशी शेतीची साधी समजही होती. पुढच्या हंगामात जमीन आपल्याकडे राहील याची खात्री नसलेला माणूस बांधबंदिस्ती करत नाही, शेणखत टाकत नाही, झाड लावत नाही. तो यंदाचे पीक काढतो आणि मोकळा होतो. शहरात तर हा प्रश्न अधिक तीव्र असतो, कारण शहरातल्या बहुतेक जमिनी मुळात शेतीच्या नसतात. गाळ, राडारोडा, कोळशाची राख, जुन्या रंगातले शिसे यांनी भरलेल्या जागेत आधी माती तयार करावी लागते. परीक्षण करा, गरज असेल तिथे उंच वाफे बांधून बाहेरची माती भरा, वर्षानुवर्षे कंपोस्ट घाला, मग कुठे ती जमीन पिकाच्या लायक होते. या कष्टांचे फळ मोजलेलेही आहे. लेस्टर शहरातल्या अलॉटमेंटच्या मातीचा शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यास केला आणि तो 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. आसपासच्या नेहमीच्या शेतांपेक्षा या वाफ्यांच्या मातीत सेंद्रिय कर्ब 32 टक्क्यांनी आणि नत्र 25 टक्क्यांनी अधिक आढळले, आणि माती कमी दबलेली, भुसभुशीत होती. जगभर शेतजमिनीचा कस घटत असताना शहराच्या मध्यावर, घरातला ओला कचरा आणि पालापाचोळा जिरवून, हौशी लोकांनी शेतकऱ्यांच्या जमिनीपेक्षा चांगली माती तयार केली होती. अशी माती घडायला दशके लागतात. कौन्सिलच्या कोणत्याही ताळेबंदात तिची नोंद होत नाही, आणि इमारतीचा पाया खणताना ती एका दिवसात ट्रकमधून निघून जाते.

पण भाजी येऊन येऊन किती येणार, असा आक्षेप हमखास घेतला जातो. तो अर्धा खरा आहे. 32 एकरांच्या शेतीने लंडनचे पोट भरणार नाही. तरीही शहराची क्षमता आपण समजतो त्यापेक्षा बरीच मोठी आहे. शेफील्डच्याच संशोधकांनी 2020 मध्ये आपल्या शहराचा हिशेब मांडला. शहराचा 45 टक्के भाग उद्याने, घरामागच्या बागा, रस्त्याकडेची हिरवळ अशा जागांनी व्यापलेला आहे. या हिरव्या जागेपैकी फक्त 10 टक्क्यांवर पीक घेतले, तरी शहरातल्या 15 टक्के लोकांना रोज लागणारी फळे आणि भाज्या मिळू शकतील असा त्यांचा निष्कर्ष आहे. हे सगळे उद्या घडेल असे मी म्हणत नाही. जमीन आहे म्हणून पीक येत नाही, पिकवणारे हात लागतात, आणि शहरात नेमके तेच उरलेले नाहीत. उत्तर-पूर्व लंडनमधल्या ऑर्गॅनिकली या सहकारी संस्थेचे काम इथे लक्षात घ्यावे. 2001 मध्ये एका पडीक अलॉटमेंटवर तिने सुरुवात केली. पुढे वॉल्थम फॉरेस्ट कौन्सिलने आपली हॉकवूड ही बंद केलेली रोपवाटिका, सुमारे 12 एकरांची जागा आणि तिच्यावरची मोठी काचगृहे या संस्थेला भाडेपट्ट्याने दिली. एकेकाळी ली नदीचे हे खोरे काचगृहांसाठी प्रसिद्ध होते आणि लंडनच्या बाजारातली काकडी, टोमॅटो इथून जात. तो व्यवसाय ओसरला आणि ते कसबही विरत गेले. आता हॉकवूडमध्ये भाजी पिकते, आठवड्याच्या पेट्यांमधून परिसरातल्या घरी जाते, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तिथे नवे उत्पादक तयार होतात. आधी स्वयंसेवक, मग प्रशिक्षणार्थी, मग स्वतःचा छोटा भाजीमळा चालवणारे, अशी वाट तिथे बांधलेली आहे. या वाटेवरून एक माणूस पार व्हायला काही वर्षे जातात. तीन वर्षांच्या पट्ट्यावर हे होणे शक्य नाही.

आणि काय पिकते यालाही किंमत आहे. स्पिटलफिल्ड्सची सिटी फार्म 1978 मध्ये सुरू झाली, ती आपले जुने वाफे बांधकामात गमावलेल्या स्थानिकांच्या मागणीतून. ज्या टॉवर हॅम्लेट्समध्ये ती आहे तिथे आज सुमारे एक तृतीयांश लोक बांगलादेशी मुळाचे आहेत. या शेतीवर बांगलादेशी बायकांचा कोरिअँडर क्लब वर्षानुवर्षे चालला. दुधीभोपळ्याचे वेल, कोथिंबीर, मायदेशातल्या पालेभाज्या लंडनच्या थंड हवेत, पारदर्शक छपराखाली त्यांनी वाढवल्या. परक्या देशात इंग्रजी येत नसलेली, घराबाहेर फारशी न पडणारी बाई पिकाच्या बाबतीत मात्र जाणकार असते. मांडव कसा घालावा, बी कधी धरावे हे ती इतरांना शिकवू शकते. सरकारी भाषावर्गात ती विद्यार्थिनी असते, इथे ती गुरू होते. परदेशी गेलेल्या मुलांच्या घरी चार-सहा महिने राहून आलेल्या आपल्याकडच्या कितीतरी आईवडिलांना त्या परावलंबी दिवसांचा अनुभव आहे. त्यांना हा फरक केवढा मोठा आहे ते चटकन कळेल.

यापेक्षा अवघड आक्षेप 2024 मध्ये आला आणि तो शास्त्रज्ञांकडून आला. मिशिगन विद्यापीठाच्या पुढाकाराने अमेरिका आणि युरोपातल्या 73 शहरी शेतींचा आणि बागांचा अभ्यास झाला. त्यातून असे दिसले की तिथल्या भाजीच्या एका वाटणीमागे सरासरीने पारंपरिक शेतीच्या सहापट कार्बन उत्सर्जन होते. शहरी शेतीच्या भाबड्या समर्थकांना हा धक्का होता, आणि तो बसायला हवा होता. पण कारण पाहिले तर चित्र उलगडते. उत्सर्जनाचा मोठा भाग पिकातून आलेला नव्हता. उंच वाफ्यांची लाकडे, छपऱ्या, कुंपणे, फरशा असे जे बांधकाम होते त्यातून तो आला होता. बांधकामाचा भार पिकाच्या वर्षांवर विभागायचा असतो. एखादा वाफा पाच वर्षांतच मोडून टाकला तर त्याचा भार भाजीच्या प्रत्येक वाटणीवर, तोच वाफा वीस वर्षे वापरण्याच्या तुलनेत, साधारण चौपट पडतो असे त्याच अभ्यासात म्हटले आहे. जुन्या विटा, जुने लाकूड पुन्हा वापरणे, पावसाचे पाणी साठवणे, सेंद्रिय कचरा जिरवणे यांनीही फरक पडतो. पण हे सगळे तो करतो ज्याला इथे टिकायचे आहे. म्हणजे शहरी शेतीविरुद्ध म्हणून वाचला जाणारा हा अभ्यास मला तरी दीर्घ मुदतीच्या बाजूची साक्ष वाटतो. शेती प्रदूषण करते असे म्हणून तिचा पट्टा आखूड करायचा, आणि पट्टा आखूड असल्यामुळे ती अधिक प्रदूषण करते, हा फेरा कौन्सिललाच तोडता येईल.

मन:स्वास्थ्याबद्दल बोलताना थोडा संयम हवा, कारण या क्षेत्रात दावे फार केले जातात. भक्कम पुराव्यापैकी एक फिलाडेल्फियाचा आहे. तिथे 541 पडीक भूखंड निवडून चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडले. काही भूखंड साफ करून गवत आणि थोडी झाडे लावली, काहींची फक्त सफाई केली, काही तसेच ठेवले. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात, हिरव्या केलेल्या भूखंडांजवळ राहणाऱ्यांमध्ये उदास वाटण्याची तक्रार 41 टक्क्यांहून अधिक घटलेली दिसली. पण हे गवताबद्दल झाले, शेतीबद्दल नाही. मग साधी बाग पुरे, शेती कशाला, असे कुणी विचारले तर ते रास्त आहे. बागेचे महत्त्व मी कमी लेखत नाही. फरक असा आहे की बाग राखायला कौन्सिलला माळी, पाणी, रखवालदार यांवर खर्च करावा लागतो, आणि पैशाची चणचण आली की पहिली कात्री तिथे लागते. शेतीत राखणारे आणि वापरणारे एकच असतात. शिवाय उद्यानात माणूस पाहुणा म्हणून येतो. शेतात त्याच्यावर जबाबदारी असते. सोमवारी कोंबड्यांना दाणे कोण घालणार, रोपांना पाणी कोण देणार हे ठरलेले असते, आणि तो आला नाही तर कुणाला तरी चुकल्यासारखे वाटते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला किंवा नोकरी गेलेल्या तरुणाला आपली कुणीतरी वाट पाहते आहे हे कळणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

सगळ्यांत वजनदार आक्षेप घरांचा आहे. इंग्लंडमध्ये सामाजिक घरांसाठी 13 लाखांच्या आसपास कुटुंबे यादीत उभी आहेत. ज्याच्या मुलाबाळांना डोक्यावर नीट छप्पर नाही त्याला मेंढ्या आणि दुधीचे वेल दाखवणे क्रूरपणाचे वाटू शकते. या प्रश्नाला बगल देऊन सामूहिक शेतीची बाजू मांडता येणार नाही. पण मुळात ही यादी एवढी लांब का झाली? 1980 च्या गृहनिर्माण कायद्याने भाडेकरूंना कौन्सिलची घरे सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला आणि पुढच्या चार दशकांत इंग्लंडमध्ये जवळजवळ 20 लाख घरे सार्वजनिक मालकीतून गेली. त्या बदल्यात तेवढी नवी बांधली गेली नाहीत. ज्या विक्रीने घरांची टंचाई निर्माण केली, तीच विक्री आता जमिनीच्या बाबतीत तोडगा म्हणून सुचवली जात आहे. कौन्सिलने जमीन बिल्डरला विकली म्हणजे यादीतल्या माणसाला घर मिळते असे नाही. बाजारभावाने जमीन घेणारा बाजारभावानेच घरे विकतो आणि स्वस्त घरांचे प्रमाण वाटाघाटीत घटत जाते. बेघर माणूस आणि शेती यांचे हित खरे तर एकाच गोष्टीत आहे, सार्वजनिक जमीन सार्वजनिक राहण्यात. तरीही मी एक अपवाद मान्य करतो. कौन्सिल स्वतः, स्वतःच्या मालकीची, कायम भाड्याने देण्याची घरे बांधणार असेल, दुसरी योग्य जागा खरोखर नसेल आणि शेती अजून रुजलेली नसेल, तर घरांना आधी जागा द्यावी. प्रत्यक्षात असे प्रसंग थोडे येतात. सामूहिक शेती बहुतेक वेळा पूरप्रवण काठ, जुने उकिरडे, रेल्वेच्या चिंचोळ्या पट्ट्या अशा बांधकामाला गैरसोयीच्या जागांवर सुरू होते. त्या जागा सोन्याच्या भावाच्या होतात त्या नंतर, आणि काही अंशी शेतीमुळेच.

न्यूयॉर्कमध्ये हे अगदी उघड दिसले. 1970 च्या दशकात ते शहर दिवाळखोरीच्या काठावर असताना लोअर ईस्ट साइड, ब्राँक्स, ब्रुकलिन इथल्या जळक्या, पडक्या भूखंडांवर रहिवाशांनी कचरा उपसून बागा आणि भाजीमळे केले. शहराने त्यांना तात्पुरते परवाने दिले. पुढे झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की अशा बागेपासून हजार फुटांच्या आत घरांच्या किमती वाढल्या आणि सर्वांत गरीब वस्त्यांत ही वाढ सर्वाधिक होती. किमती वाढल्याबरोबर शहराला त्या भूखंडांची आठवण झाली. 1999 मध्ये महापौर रुडॉल्फ जुलियानी यांच्या प्रशासनाने 114 बागांचा लिलाव पुकारला. शेवटच्या घटकेला ट्रस्ट फॉर पब्लिक लँड आणि अभिनेत्री बेट मिडलर यांची न्यूयॉर्क रिस्टोरेशन प्रोजेक्ट या दोन संस्थांनी मिळून 42 लाख डॉलर मोजून त्या सोडवल्या. लोकांनी स्वतःच्या घामाने ज्या जागेची किंमत वाढवली ती वाचवायला देणग्या गोळा कराव्या लागल्या. प्रत्येक वेळी असा दाता सापडेल यावर कुठल्याही शहराने विसंबून राहू नये.

कौन्सिलांची आर्थिक अडचणही खरी आहे. केंद्राच्या अनुदानात 2010 नंतर मोठी कपात झाली. 2023 मध्ये बर्मिंगहॅम आणि नॉटिंगहॅम यांसारख्या मोठ्या शहरांच्या कौन्सिलांना अंदाजपत्रक जुळत नसल्याची कायदेशीर घोषणा करावी लागली. अशा वेळी मालमत्ता विकून खड्डा भरण्याचा मोह होतो. पण या मार्गाने कुठे पोचतो तेही दिसलेले आहे. नवख्या शेतकऱ्यांना भाड्याने द्यायला इंग्लंडच्या काउंटी कौन्सिलांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनी घेतल्या होत्या, पहिल्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांसाठी त्या आणखी वाढवल्या. 1977 मध्ये असे सुमारे 4 लाख 27 हजार एकर क्षेत्र होते. 2017 मध्ये ते 2 लाख 15 हजारांच्या घरात आले. निम्मी जमीन गेली. विक्रीचे पैसे चालू खर्चात विरले, वर्षाचे भाडे कायमचे थांबले आणि वडिलोपार्जित जमीन नसलेल्या तरुणाला शेतीत शिरण्याचा एक दरवाजा बंद झाला. हे नुकसान भरून काढायला उद्या कौन्सिलांनी जमीन घ्यायची म्हटली, तर आजच्या भावात ते त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे.

आपल्याकडच्या वाचकाच्या मनात एव्हाना वेगळीच शंका आली असेल. संस्थेला सवलतीत जमीन द्यायची म्हणजे मूठभरांच्या घशात घालायची, असा आपला अनुभव आहे. मुंबईत मोकळ्या जागा दत्तक देण्याच्या नावाखाली काही मैदानांवर क्लब उभे राहिले, सदस्यत्वाची शुल्के लागली आणि भोवतालच्या वस्तीला फाटकाबाहेर उभे राहावे लागले. 2016 च्या जानेवारीत महापालिकेच्या सभागृहाने नवे दत्तक धोरण मंजूर केले, तेव्हा नागरिकांचा एवढा रोष उसळला की मुख्यमंत्र्यांना ते स्थगित करावे लागले. ही भीती निराधार नाही, आणि ब्रिटनमध्येही मध्यमवर्गीय, गोऱ्या, मोकळा वेळ असलेल्या लोकांनी अशा शेतीचा ताबा घेतल्याच्या तक्रारी होत असतात. पण मुंबईच्या उदाहरणातून निघणारा धडा मला मुदतीविरुद्धचा वाटत नाही. तिथे गफलत अटींची होती. जागा कुणासाठी, किती वेळ उघडी, पक्के बांधकाम किती, हिशेब कुणाला दाखवायचा आणि अटी मोडल्या तर जागा परत कशी घ्यायची, यांची बंधने एक तर कच्ची होती किंवा पाळली गेली नाहीत. आखूड मुदतीने ही गफलत दुरुस्त होत नाही. उलट दर दोन-तीन वर्षांनी नूतनीकरणासाठी नगरसेवकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या दारी जावे लागते, आणि तिथे ओळखी असलेलाच टिकतो. दीर्घ मुदत आणि कडक अटी यांची जोडीच सामान्य माणसाच्या फायद्याची आहे.

म्हणून पट्ट्याच्या कागदात काय असावे याकडे जेवढे लक्ष द्यावे तेवढे थोडे. वीस-पंचवीस वर्षांची मुदत, कारण फळझाडे आणि माती दोन्हींना तेवढी लागते. भाडे नाममात्र, पण त्याबरोबर संस्थेने दरवर्षी जाहीर करायचा हिशेब, आणि त्यात पैशांबरोबर किती ओला कचरा जिरवला, किती शाळा आल्या, किती जण शिकून बाहेर पडले याची नोंद. सभासदत्व परिसरातल्या प्रत्येकाला खुले आणि कार्यकारिणीची निवडणूक ठरल्या वेळी. पक्क्या बांधकामाला मर्यादा. जमीन गहाण टाकायला किंवा पोटभाड्याने द्यायला बंदी. आणि कौन्सिलला खरोखरच अपरिहार्य कारणाने जागा परत घ्यायची असेल तर काही वर्षांची पूर्वसूचना, त्याच परिसरात पर्यायी जागा आणि वरची माती उचलून नेण्याचा खर्च. शेवटची अट अनेकांना विचित्र वाटेल. पण अलॉटमेंटच्या बाबतीत ब्रिटिश कायद्याने हे तत्त्व 1925 पासूनच जवळपास मान्य केले आहे. अलॉटमेंटसाठी म्हणून घेतलेली जमीन मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकता येत नाही, आणि विस्थापित होणाऱ्या वाफेदारांची पुरेशी पर्यायी सोय होईल, किंवा तिची गरज नाही वा ती व्यवहारात शक्य नाही, याची खात्री पटल्याशिवाय ती संमती देता येत नाही. एका कुटुंबाच्या अडीच गुंठ्यांना शंभर वर्षांपूर्वी मिळालेले हे संरक्षण शेकडो कुटुंबांच्या सामूहिक शेतीला मात्र आजही आपोआप मिळत नाही. ते प्रत्येक संस्थेला, प्रत्येक कौन्सिलशी, प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी नव्याने मागावे लागते.